खदानीतली मडकी

"आपा, वरची पण गेली," वासिफ खदानीच्या काठावरून ओरडला. "समदी फुटली. एक पण नीट न्हाई."

आरजूने हातगाडा तिथेच सोडला आणि ती चढ चढून पळाली. गाड्यावर पाण्याचे कॅन होते. मागून ढकलणारा सटवा एकटाच राहिला आणि गाडा त्याला घेऊन उलटा उतरू लागला. संस्कृतीने चाकाखाली दगड सरकवला म्हणून तो थांबला.

"गाडा एकट्यानं धरायचा न्हाई, किती वेळा सांगितलं तुला?" संस्कृती म्हणाली.

"मी कुठं एकट्यानं धरला? तुमी सोडला म्हणून एकटा पडलो," सटवा धापा टाकत म्हणाला.

चौघे वर जमले. वरच्या टप्प्यावर कडुनिंबाची आणि सीताफळाची रोपं ओळीने उभी होती. प्रत्येक रोपाशेजारी त्यांनी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात कापसाची वात. मडकं भरून ठेवलं की पाणी थेंब थेंब मुळाशी उतरतं, असं शाळेच्या सरांनी मोबाईलवर दाखवलं होतं. सर सुट्टीत त्यांच्या गावी गेले आणि घरोघरी जाऊन जुनी मडकी गोळा करायचं काम या चौघांनी केलं. आता त्या मडक्यांच्या जागी फक्त खापऱ्या होत्या.

मे महिना होता. टाकळमाळची बाकीची पोरं मामाच्या गावाला गेली होती. हे चौघे मागे राहिले. आरजू आणि तिचा धाकटा भाऊ वासिफ यांचे वडील सलीमभाई, युसूफ वडगाव या गावाच्या रस्त्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. हातगाडा त्यांचाच. संस्कृतीची आई गीताबाई गावची सरपंच होती, पण खुर्चीवर बसायचे ते तिचे वडील राधाकिशनअण्णा. गीताबाई सही करायच्या. आणि सटवाला कुठे जायलाच नको होतं. त्याचे आई-बाप दर साल ऊस तोडायला जात. या वर्षी माय परत आली होती, बाप अजून कारखान्यावर अडकला होता.

खदान गावाच्या वर, माळावर होती. रस्त्यासाठी दगड काढून ठेकेदार निघून गेला. मागे राहिला तो खोल खड्डा, क्रशरचा गंजलेला सांगाडा आणि तळाला हिरवट पाणी. जमीन गायरानाची, म्हणजे सगळ्या गावाची. गेल्या पावसाळ्यात शाळेने कडेच्या टप्प्यांवर झाडं लावली. पुढे पाखरं येतील, म्हातारी माणसं सावलीला बसतील, पोरं खेळतील. सरांनी पाटीवर नाव लिहिलं, 'आपली वनराई'.

पण गावात त्या जागेला कुणी वनराई म्हणत नव्हतं. लोक म्हणत, शिवा बुडाला ती खदान.

शिवा म्हणजे शिवशंकर, सटवाचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी, झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी, नळाला पाणी नव्हतं म्हणून तो स्वतःचा आणि सटवाचा शाळेचा ड्रेस धुवायला खदानीवर गेला. आई-बाप तेव्हा लांब उसाच्या फडात होते. संध्याकाळी लोकांना दगडावर वाळलेले दोन ड्रेस सापडले आणि मग पाण्यात शिवा सापडला. त्याला पोहता येत होतं. पण खदानीची भिंत सरळ कापलेली, धरायला कुठे खाच नाही, की टेकायला पाय नाही.

ग्रामपंचायतीने खदानीवर राखणदार ठेवलेला होता, रामकिसन. त्याने पोलीस साहेबांना सांगितलं, "मी तीन हाका मारल्या. पोरगं ऐकलं न्हाई."

तेव्हापासून टाकळमाळमध्ये एखादं पोर हट्टाला पेटलं की मोठी माणसं म्हणायची, "ऐक, न्हाईतर शिवागत होईल." सटवासमोर म्हणायची. त्याच्या मायसमोरही म्हणायची. सटवा अशा वेळी चपलेचा अंगठा बघत उभा राहायचा.

"पण हे लई चमत्कारिक हाय," आरजू खाली बसून म्हणाली. "मडकं फुटलंय, पण माती ओली हाय. हात लाव."

"मडक्यातलंच पाणी सांडलं असंल," संस्कृती म्हणाली.

"मडकी तर कालच रिकामी झाली होती. आपण आज भरणार होतो. आन् खापऱ्या बघ. एका बाजूला रचून ठेवल्यात. कुणाच्या पायात जाऊ न्हाईत म्हणून ठेवावं तशा."

वासिफने डोकं खाजवलं. "म्हंजी जो मडकी फोडतो, तोच झाडाला पाणी घालतो? असला कसला चोर?"

खाली गावात गेल्यावर त्यांना कळलं की चोर सापडला आहे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रामकिसन बसला होता आणि राधाकिशनअण्णांना सांगत होता, "शेळ्या हाईत, अण्णा. हजराबीच्या. रोज दुपारी घुसत्यात. मी हाकलून हाकलून थकलो. मडक्यावर पाय देत्यात अन् फोडत्यात."

हजराबी म्हणजे आरजू आणि वासिफची दादी. तिच्या शेळ्या तासाभरापूर्वीच कोंडवाड्यात घातल्या होत्या आणि म्हातारी कोंडवाड्याच्या फाटकाला धरून उभी होती.

"माझ्या शेळ्या मडकी फोडत्यात म्हणं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "कडुनिंबाचा कवळा पाला नाकासमोर हाय, त्याला तोंड लावत न्हाईत, आन् मडकी फोडत्यात. एवढ्या हुशार असत्या तर क्रशरवर कामाला नसत्या लावल्या?"

"चाची, मजाक नको," अण्णा म्हणाले. "शनिवारी ग्रामसभा हाय. झाडं उन्हाळ्यात जगली तरच ठेवायची, असं ठरलं होतं. एक ठेकेदार कचरा टाकायला ती खदान मागतोय. भरून तरी निघंल. ह्या पोरखेळात गावानं किती दिवस पडायचं?"

"कचरा?" सटवा म्हणाला.

तो इतक्या हळू बोलला की अण्णांना ऐकूच गेलं नसावं. पण आरजूने ऐकलं. शिवाच्या जागेवर कचरा टाकणार होते.

"कावून गप बसलास?" परत खदानीवर जाताना वासिफने विचारलं.

"काय बोलू? तिथं झाडं आली असती तर लोकांनी दुसरं नाव घेतलं असतं. सीताफळाची खदान. पाखरांची खदान. कायबी. आता उकिरडा म्हणतील. शिवाचा उकिरडा."

मग आरजू म्हणाली, "रामकिसनकाका म्हणाले, रोज दुपारी. आपण दुपारी तिथं कधीच नसतो. ऊन असतं म्हणून सकाळी जातो. उद्या दुपारी जाऊन बसू."

"उन्हात वाळून पापड होतील," संस्कृती म्हणाली.

"तुझा होईल. आमी आधीच वाळलोय," वासिफ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, गावाने दारं लोटून घेतली आणि चौघे बांधाआडून खदानीवर गेले. क्रशरच्या लोखंडी पोटात, जिथे पूर्वी दगड पडायचे, तिथे ते अंग चोरून बसले. लोखंड तापलं होतं. वासिफने पाठ टेकली आणि चटका बसून पुन्हा सरळ झाला.

"रामकिसनकाका कुठं हाईत?" तो कुजबुजला. "त्यांनी बघितलं तर?"

"दिसत तर न्हाईत," संस्कृती म्हणाली.

माळावर चिटपाखरू नव्हतं. शेळी नव्हती आणि राखणदारही नव्हता. बराच वेळ गेला. वासिफला डुलकी लागली. मग गावाकडच्या पायवाटेने एक बाई येताना दिसली. डोक्यावर घागर, कमरेला कळशी. अनवाणी होती. उन्हाने तापलेल्या खडीवरून ती घरातल्या जमिनीवरून चालावं तशी चालत होती.

संस्कृतीने सटवाचा हात धरला. सटवाने तो सोडवून घेतला नाही.

ती छबुबाई होती, त्याची माय.

छबुबाईने घागर उतरवली. काल संध्याकाळी पोरांनी खालच्या टप्प्यावर नवी मडकी पुरली होती, त्यातल्या पहिल्यापाशी ती बसली. हाताने माती उकरून तिने मडकं वर काढलं, बुडाचं भोक बघितलं आणि दगडाच्या एका घावात ते फोडलं. खापऱ्या वेचून बाजूला रचल्या. मग कळशीतलं पाणी ओंजळीने रोपाच्या मुळाशी घातलं, हळूहळू, तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं. पानांवरची खडीची धूळ तिने पदराने पुसली आणि ती पुढच्या रोपाकडे सरकली.

सटवा क्रशरमधून बाहेर पडला. बाकीच्यांनी त्याला धरलं नाही.

"माय," तो म्हणाला.

छबुबाई दचकली नाही. तिने फक्त हातातला दगड खाली ठेवला.

"तू कावून फोडतीस? आमी केवढ्या मेहनतीनं..." त्याने फुटलेल्या मडक्याकडे बोट दाखवलं.

"ही मडकी तुमी ठेवलीत?" तिने विचारलं. बाकीचे तिघेही आता बाहेर आले होते. तिने एकेकाकडे बघितलं. "मला वाटलं, कुणी मोठ्या माणसानं करणी केली. पोरांनो, भोक पाडलेलं मडकं कुठं असतं, ठाऊक हाय का तुमाला?"

कुणाला ठाऊक नव्हतं.

"मसणवाटीत," छबुबाई म्हणाली. "बाया तिथं जात न्हाईत. मी गेले. त्या दिशी मला कुणाच्यानं अडवलं गेलं न्हाई. ह्याच्या बापानं खांद्यावर पाण्याचं मडकं घेतलं. सरणाभवती फिरत होता, अन् मागनं एक जण दगडानं मडक्याला भोक पाडत होता. पाण्याची धार लागली होती. शेवटी ते मागं टाकून फोडलं. फोडलं म्हंजी संपलं. तसं मडकं भरून कुणी उभं ठेवत न्हाई रे. उभं ठेवलं की ते वाट बघतं. आन् इथं, ह्याच जागंला, एवढी मडकी. एकेक भरलेलं. मी बघितलं अन् माझ्या जिवाचं पाणी झालं. मला वाटलं, ही कुणाकुणासाठी ठेवलीत?"

वाऱ्याने खडीची धूळ उडाली. त्या दिवशी सटवाला आजीपाशी घरीच ठेवलं होतं. त्यालाही हे आज कळत होतं.

"आमाला म्हाईत नव्हतं, काकू," आरजू म्हणाली. "खरंच नव्हतं. झाडं मरू न्हाईत म्हणून ठेवली."

"झाडाशी माझं वैर न्हाई. मी रोज पाणी घालते की. ही झाडं शिवाच्या जागंला हाईत."

"रोज दुपारी येता?" आरजूने विचारलं.

"रोज. ह्या वक्ताला कुणी नसतं. रडलं तरी कुणी बघत न्हाई."

"रामकिसनकाका?"

"रामकिसन? तो कशाला येईल इथं? फडातनं आल्यापास्नं मी त्याला एकदा बी इथं बघितला न्हाई."

आरजूने संस्कृतीकडे बघितलं. संस्कृतीने आरजूकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि ती बोलायची दोघींनाही भीती वाटत होती. ती सटवानेच बोलून टाकली, पण फार हळू, मायला ऐकू जाणार नाही असं.

"मग शेळ्या कुणी बघितल्या?"

छबुबाई रिकामी घागर घेऊन परत गेली. चौघे क्रशरच्या सावलीत बसले.

"ग्रामसभेत मायचं नाव घ्यायचं न्हाई," सटवा म्हणाला. "लोक आधीच तिला कायबाय बोलत्यात. आता वेडी म्हणतील."

"न्हाई घेणार," आरजू म्हणाली. "पण शेळ्या सोडवायच्या. आन् काका इथं येत न्हाईत, हे दाखवायचं. कसं दाखवायचं?"

"इथं असं काहीतरी ठेवू, जे इथं असणाऱ्याला दिसणारच," संस्कृती म्हणाली. "अन् नसणाऱ्याला ठाऊकच नसणार."

"हत्ती," वासिफ म्हणाला.

"हत्ती तुझ्या घरी हाय का?"

"तुझ्या घरी असंल. तू सरपंचाची."

"हत्ती न्हाई," संस्कृती म्हणाली. "पण आईची लाल साडी हाय. लग्नातली. लई भडक हाय ती."

आणि मडक्यांचं काय करायचं, ते वासिफनेच सांगितलं. भोकच कशाला पाहिजे, असा त्याचा प्रश्न होता. घरच्या माठाला कुठे भोक असतं? तरी तो बाहेरून ओला होतो आणि दादी रोज त्याच्याखालची फरशी पुसते. हजराबीला विचारलं तर ती म्हणाली, "जुनं मडकं झिरपत न्हाई, बेटा, त्याची छिद्रं बुजत्यात. विटकरीच्या भुकटीनं खरखरून घासा, मग बघा." त्यांनी घासून एक बिनभोकाचं मडकं वरच्या टप्प्यावर पुरलं, भरलं आणि झाकण ठेवलं. सकाळी पाणी चांगलं उतरलेलं होतं आणि भोवतीची माती काळी, ओली झाली होती. दुपारी छबुबाईने ते उकरून बघितलं. बुडावरून हात फिरवला. मग पुन्हा जागेवर ठेवून माती दाबली.

शुक्रवारी सकाळी क्रशरच्या टोकावर लाल साडी चढली. वारा आला की ती फडाफडा वाजायची. माळावरून जाणारी गुरं मान वळवून बघत होती.

दुपारी संस्कृती आईला घेऊन आली. "पाच मिनिटं चल, आई," एवढंच ती म्हणत राहिली होती. गीताबाई सरपंच झाल्यापासून खदानीच्या कागदावर सह्या करत होत्या, पण खदान त्यांनी कधी बघितली नव्हती. वर आल्या आल्या त्यांना साडी दिसली.

"अगं कार्टे, माझ्या लग्नातली साडी," त्या म्हणाल्या आणि हात उगारून पुढे गेल्या. तेवढ्यात त्यांना खड्डा दिसला.

त्या काठापाशी थांबल्या. खाली पाणी हलत नव्हतं. सरळ कापलेल्या दगडाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यातनं वर कुठनं यायचं?" त्यांनी विचारलं.

"वर यायला वाटच न्हाई, काकू," सटवा म्हणाला.

गीताबाईंनी हात खाली घेतला. साडी उतरवायला सांगितली नाही. चौघांनी त्यांना राखणदाराबद्दल सांगितलं. छबुबाईबद्दल सांगितलं नाही. सटवाने मायला त्या दुपारी येऊ नको म्हणून आधीच सांगितलं होतं. दिवस मावळेपर्यंत गीताबाई तिथेच, पोरांसोबत दगडावर बसून राहिल्या. रामकिसन आला नाही.

शनिवारी ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली ग्रामसभा भरली. अण्णांनी खदानीचा विषय काढला. झाडं शेळ्यांनी नासवली, राखणदाराने सांगितलंच आहे, तर खदान कचऱ्याला द्यावी.

"मला काकांना एक विचारायचंय," आरजू उभी राहिली.

"ग्रामसभेत पोरांचं काय काम?" अण्णा म्हणाले.

"बोलू द्या तिला," गीताबाई म्हणाल्या.

लोकांनी माना वळवल्या. ग्रामसभेत सरपंचबाईंचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता.

"काका, काल तुमी खदानीवर होता?" आरजूने विचारलं.

"होतो की. रोजच असतो," रामकिसन म्हणाला.

"कुठं बसला होता?"

"क्रशरच्या सावलीला. तिथनं समदी खदान दिसती."

"शेळ्या आल्या होत्या?"

"हजराबीच्या कोंडवाड्यात हाईत, म्हणून काल न्हाई आल्या. त्येच तर म्हणतो मी."

"मग काल क्रशरवर काय होतं?"

"क्रशरवर? गंज होता. दुसरं काय असणार?"

लोक हसले. रामकिसनही हसला.

"नीट आठवा, काका. काहीच न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना पोरी. रोज बघतो मी तो सांगाडा. काय बी नव्हतं."

गीताबाई उठल्या. "माझी लग्नातली लाल साडी होती," त्या म्हणाल्या. "सकाळपास्नं दिवस मावळेपर्यंत. आंधळ्याला सुद्धा तिचा फडफडाट ऐकू आला असता. दुपारपास्नं मी स्वतः तिथं बसले होते, रामकिसनभाऊ. तुमी नव्हता."

हसू आलं तसं विरलं. हजराबी मागून म्हणाली, "बघा, माझ्या शेळ्या तुरुंगात अन् गवाही देणारा घरात."

अण्णांचा चेहरा उतरला होता, पण ते लगेच माघार घेणारे नव्हते. "बरं, रामकिसन नव्हता. पण मडकी तर फुटली ना? शेळ्यांनी न्हाई तर कुणी फोडली? सांगा की."

चौघे खाली बघत राहिले. आरजूने ओठ घट्ट मिटले. वासिफ संस्कृतीच्या मागे सरकला. अण्णांनी पुन्हा विचारलं. सटवाला वाटलं, आता कुणीतरी आपलं मन फोडून आतलं बघणार.

"मी फोडली," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

छबुबाई उभी राहिली. मडक्याच्या भोकाचं तिने जसं पोरांना सांगितलं होतं, तसंच गावाला सांगितलं, त्याहून थोडक्यात. सभेतल्या पुरुषांनी ती मडकी मसणवाटीत स्वतः बघितली होती, काहींनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. कुणी तिला वेडी म्हणालं नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शेळ्यांचा दोष न्हाई," छबुबाई म्हणाली. "मुक्या जनावरांना कशाला कोंडता?"

ती बसत होती, तेवढ्यात सटवा पुढे आला. तो रामकिसनसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, मायनं खरं सांगितलं. आता तुमी बी सांगा. त्या दिशी तरी तुमी तिथं होता का?"

"कुठल्या दिशी?" रामकिसन म्हणाला. पण त्याला कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं.

"माझ्या भावाला तुमी खरंच हाका मारल्या का?"

रामकिसनने उपरण्याने तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. मग तो जमिनीकडे बघत बोलू लागला.

"बाजार होता त्या दिशी. मी बाजारला गेलतो. परत आलो तवा माणसं जमली होती. साहेबानं विचारलं, तू कुठं होतास? मला भ्या वाटलं. हाका मारल्या म्हणून तोंडातनं निघून गेलं. एकदा निघालं, मग तेच बोलत राहिलो. खदानीकडं पाय वळंना माझा. त्या दिशीपास्नं एकदा बी वर गेलो न्हाई मी."

छबुबाई अर्धवट बसलेली तशीच थांबली होती.

"म्हंजी माझ्या शिवाला कुणी हाक मारलीच न्हाई," ती म्हणाली.

रामकिसनने मान हलवली.

"म्हंजी त्यानं कुणाचं ऐकलं न्हाई, असं झालंच न्हाई."

"न्हाई, वैनी."

"दोन वर्सं," छबुबाई म्हणाली. ती कुणावर ओरडली नाही. "दोन वर्सं मी त्याच्यावर रागावलेली हाय. भाकरी थापताना, ऊस तोडताना, निजताना. कावून ऐकलं न्हाईस रे, कावून ऐकलं न्हाईस. मेलेल्या लेकराला रोज बोल लावला मी. आन् ते बिचारं..."

हजराबी उठून तिच्याजवळ गेली आणि तिला धरून बसली. सटवा मायच्या पायाशी बसला. कितीतरी वेळ सभेत फक्त त्या दोन बायकांचं रडणं ऐकू येत होतं. ज्यांनी आपल्या पोरांना 'शिवागत होईल' म्हणून धमकावलं होतं, ती माणसं एकमेकांची नजर चुकवत होती.

शेवटी गीताबाई बोलल्या. "खदान कचऱ्याला जाणार न्हाई. तिथं वनराईच होईल. पण आधी एक भिंत फोडून पाण्यापर्यंत उतार करायचा. जनावर पडो, लेकरू पडो, त्याला चालत वर येता आलं पाहिजे. हे त्याच दिशी व्हायला पाहिजे होतं. मी कागदावर सह्या करत बसले. चूक रामकिसनभाऊची हाय, तशी माझी बी हाय." त्या पोरांकडे वळल्या. "आमी मोठ्यांनी दोन वर्सांत जे विचारलं न्हाई, ते या चौघांनी विचारलं. गावानं त्यांचं नाव घ्यावं, असं काम केलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या, जरा उशिरा, आणि मग जवळ येऊन आरजूच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, पोरी," ते हळूच म्हणाले. एरवी वासिफ अशा वेळी उड्या मारत घरी गेला असता. आज तो नुसता उभा राहिला. टाळ्या वाजत असताना रडू येतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"आन् माझ्या शेळ्या?" हजराबीने डोळे पुसत विचारलं. तेव्हा कुठे लोक थोडे हसले आणि कोंडवाड्याची किल्ली शोधायला लागले.

सोमवारपासून उताराचं काम सुरू झालं. एका शेतकऱ्याने जेसीबी दिला. जिथे यंत्र पोचत नव्हतं तिथे माणसांनी टिकाव मारले, बायकांनी मुरमाच्या पाट्या वाहिल्या. सलीमभाई दुकान बंद करून आले. रामकिसनही पहिल्या दिवसापासून आला. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, कुणी त्याला जा म्हणत नव्हतं. छबुबाई सगळ्यांना पाणी देत फिरायची. त्याच्यापाशी आली की ती तांब्या दगडावर ठेवायची आणि पुढे जायची. तो हात पुसून तांब्या उचलायचा.

पाऊस पडायच्या आत उतार पूर्ण झाला. काम संपल्याच्या संध्याकाळी माणसं हत्यारं गोळा करून घरी निघाली. पोरं मडकी भरत होती. छबुबाई उताराच्या डोक्याशी उभी राहिली.

"सटवा, इकडं ये," ती म्हणाली. "खाली जा."

सटवा शिवाच्या त्या दिवसापासून पाण्याजवळ गेला नव्हता. त्याने मायकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती. तो मुरमावरून एकेक पाऊल टाकत खाली गेला. पाणी त्याच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला.

"बास," ती वरून म्हणाली. "आता वर ये. हात न टेकता."

तो वळला आणि चढायला लागला. मुरूम पायाखाली दबला, पण सरकला नाही. आरजू, संस्कृती आणि वासिफ मडकी तशीच सोडून बघत होते. छबुबाई त्याच्या पावलांकडे डोळे लावून उभी होती, तो तिच्यापर्यंत पोचेपर्यंत.

"आलास?" तिने विचारलं.

"आलो, माय."

"बरं," ती म्हणाली. मग तिने वाकून त्याची ओली विजार पिळली, आणि तिथेच, उतारावर, त्याचा हात धरून बसली.